हाकेची टेकडी

ती समोर ताडांची टेकडी दिसते ना, तीच हाकेची टेकडी. मधला हा काळा चिखलाचा पट्टा भरतीला पाण्याखाली जातो आणि टेकडीचं बेट होतं. आता ओहोटी लागलीय. थोड्या वेळाने दगडांची वाट मोकळी होईल, मग जा. तोवर बसा इथे सावलीत. घाई कसली एवढी? शहरातली माणसं बघावीत तेव्हा वाघ मागे लागल्यासारखी पळत असतात. वर जायचं, फोटो काढायचा, घसा फाटेपर्यंत ओरडायचं आणि खाली येऊन मलाच विचारायचं, "अंकल, इथे बघण्यासारखं काय आहे?" अरे, बघण्यासारखं काही नाही. ऐकण्यासारखं आहे. बसलात तर सांगतो.

मी इनास. कोळखारचाच. उभं आयुष्य लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट फुंकला, आता दात गेले म्हणून नुसता बोलतो. मी सांगतो ते मी पाहिलेलं नाही, माझ्या आजाच्या आजानेही पाहिलेलं नाही. तोंडातोंडी आलेलं आहे. खरं-खोटं देव जाणे.

मागे वळून ती पांढरी इमारत बघा. ती आमची इगर्ज. चर्चला आमची जुनी माणसं इगर्जच म्हणत. तिच्या उजव्या अंगाला कबरस्तान आहे. तिथे भिंतीलगत एक कबर आहे, तिच्यावर गवत उगवत नाही. आजूबाजूला गुडघाभर गवत माजतं, पण ती जागा उघडी ती उघडीच. शेणखत घालून पाहिलं, फुलझाडं लावून पाहिली. काही जगत नाही. त्या कबरीत माणूस नाही. म्हणे, कधीच नव्हता.

फिरंग्यांचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. या सगळ्या किनाऱ्यावर त्यांचे किल्ले, त्यांचे बाग, त्यांची भातशेतं. कोळखारच्या वरच्या अंगाला दों आल्वारो म्हणून एका फिरंगी जमीनदाराची वाडी होती. त्याच्याकडे गुलाम होते. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गलबतात कोंबून आणलेली माणसं. बाजारात बैल घ्यावा तशी घेतलेली. त्यांना इथे आणून बाप्तिस्मा द्यायचे, फिरंगी नाव ठेवायचे आणि जुंपायचे. त्यातल्या एकाचं नाव ठेवलं होतं गास्पार.

हा गास्पार दों आल्वारोची पालखी उचलायचा. दर रविवारी धनी मिस्साला यायचा, आत गारव्यात बसायचा आणि गास्पार बाहेर उन्हात पालखीचा दांडा धरून उभा राहायचा. आमचे लोक त्याच्या बाजूने आत जायचे, बाजूने बाहेर यायचे. खोटं कशाला बोलू? आमचे पूर्वज काही संत नव्हते. मिठागरात राबणारी, होड्या वल्हवणारी गरीब माणसं. आपल्याहून गरीब कोणी दिसलं की बरंच वाटतं माणसाला. आणि तेव्हाचा आमचा पाद्री, लुरेंस त्याचं नाव, भला माणूस होता म्हणतात. पण त्या भल्या माणसालाही दाराबाहेर उभा असलेला गास्पार वर्षानुवर्षं दिसला नव्हता.

मग एकदा काय झालं, पालखी उतरवताना गास्पारचा पाय घसरला आणि दों आल्वारो पडला. सणाचा दिवस, अख्खं गाव बघतंय, आणि धनी चिखलात उताणा. कोणीतरी हसलं म्हणे. ते हसू गास्पारच्या अंगावर आलं. धन्याने त्याला तिथेच, इगर्जीच्या पायऱ्यांवर, चाबकाने फोडला. शुद्ध हरपेपर्यंत फोडला. आणि मुकादमाला सांगितलं, "जगला तर खाडीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या जहाजावर विकून टाक. मेला तर इथेच पुरून टाक."

पाद्री लुरेंस दारात उभा होता. पायऱ्यांवरून रक्त ओघळत त्याच्या चपलेपर्यंत आलं. असं सांगतात की त्याने खाली वाकून ते आपल्या झग्याने पुसलं आणि मग उठलाच नाही, तिथेच गुडघ्यांवर राहिला. रुझाय नावाची एक बाई पुढे झाली. मिठागरातली, अंगाने थोराड, नुकतीच विधवा झालेली. तिने आणि आणखी दोघा-तिघांनी गास्पारला उचलून वेदीमागच्या खोलीत नेलं. तिने जखमा धुतल्या, हळदीचा लेप लावला, चमच्या-चमच्याने पेज घातली. गास्पार जगला. आणि जगला हीच पंचाईत झाली, कारण जगलेला गास्पार जहाजावर जाणार होता. त्या जहाजांवर गेलेलं माणूस कोणी परत पाहिलं नव्हतं.

सकाळी मुकादम विचारायला आला, "काय रे पाद्री, काळा आहे की गेला?"

पाद्री आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता म्हणे. लहानपणी आंबे चोरले तेही स्वतःच जाऊन सांगितले होते. तो मुकादमाकडे बघत म्हणाला, "गेला. आज दुपारी माती आहे."

शब्द तोंडातून गेला. आता मढं कुठून आणायचं? पाद्रीने गावातल्या जाणत्यांना बोलावलं. सुताराने पेटी केली. पण रिकामी पेटी उचलली की कळतं. दगड भरले तर खडखडतात, माती भरली तर फटीतून गळते. मिठागरातली माणसं ती, त्यांच्या हाताशी होतं काय? मीठ! त्यांनी माणसाच्या वजनाचं मीठ भरलं, ठोकून घट्ट बसवलं, वर कापड टाकलं आणि खिळे मारले. भर दुपारी, मुकादमाच्या डोळ्यांदेखत, अख्ख्या गावाने मिठाची मयत काढली. बाया रडल्या. रुझाय तर खरंच रडली म्हणतात, नवरा गेल्यापासूनचं सगळं रडून घेतलं तिने. आणि वेदीमागच्या खोलीत गास्पार आपल्याच मौतीची घंटा ऐकत पडला होता.

माती झाली, मुकादम गेला. मग पाद्रीने इगर्जीची दारं आतून लावून घेतली आणि वेदीवर शुभवर्तमानाचा ग्रंथ उघडून ठेवला. गास्पारला टेकडीवर ठेवायचं ठरलं होतं. भरतीला पाण्याने वेढलेली जागा, तिथे कोणी जात नसे. पण पाण्यावरून आवाज लांब जातो हे होडीवाल्यांना सांगायला नको. इथून हाक मारली तर वरच्या वाडीपर्यंत ऐकू जाते. एखादं पोर बोलून गेलं, एखाद्या बाईने काठावरून "गास्पार, जेवलास का रे?" एवढं विचारलं, तरी सगळं गाव खलास. म्हणून पाद्रीने शपथ घातली. लहान-थोर, ज्याला म्हणून बोलता येत होतं त्या प्रत्येकाने पुढे येऊन ग्रंथावर हात ठेवला आणि म्हटलं, "गास्पार मेला. मी मरेपर्यंत गास्पारशी बोलणार नाही. गास्पारला हाक मारणार नाही, त्याचं नाव घेणार नाही." गास्पारनेही शब्द दिला, की गावातलं कोणी आपणहून बोलल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही.

त्याला हे चालेल का, असं मात्र कोणी विचारलं नाही. जीव वाचवतोय ना आपण, मग विचारायचं काय त्यात?

तो टेकडीवर गेला. ताडांच्या झावळ्यांचं खोपट बांधलं. ओहोटीला रुझाय त्या मधल्या सपाट खडकावर जेवण ठेवून यायची, भाकरी, सुकं, कधी कांदा. ठेवायची आणि पाठ फिरवून चालू लागायची. मग तो उतरायचा आणि घेऊन जायचा. काही दिवसांनी लोकांनी फाटलेली जाळीही तिथे ठेवायला सुरुवात केली. तो ती विणून परत ठेवायचा. एवढाच काय तो व्यवहार.

पावसाळा सरता सरता घोटाळा झाला. मीठ ते! पाणी मुरलं, पेटीतलं मीठ विरघळलं आणि कबर खचली. वर उन्हं पडली तशी त्या खड्ड्यात पांढरी साय धरली. मिठाने भरलेल्या पेटीचं पावसात काय होतं, हे मिठागरातल्या माणसांना कळू नये? पण घाईत शहाण्याचंही गाढव होतं. बातमी वाडीवर गेली. मुकादम फावडं घेऊन आला. उकरायच्या आधी त्याने ते पांढरं बोटावर घेतलं, जिभेला लावलं आणि त्याचा चेहरा पडला. "खारट आहे," एवढंच म्हणाला.

पाद्री बाजूला उभा होता. तो म्हणाला, "तुमच्या धन्यासाठी जन्मभर गाळलेला घाम आहे त्याचा. वर येतोय."

मुकादमाच्या हातून फावडं गळालं. छातीवर क्रुसाची खूण करत तो जो पळाला तो परत कबरस्तानात आला नाही. आणि दों आल्वारोची पालखी त्यानंतर आमच्या इगर्जीसमोर कधी उतरली नाही. तेव्हापासून त्या जागेवर गवत नाही. तुम्ही म्हणाल, मीठ मुरलंय जमिनीत, गवत कसं उगवेल? म्हणा. मीही मनातल्या मनात तेच म्हणतो. पण आमच्या म्हाताऱ्या "गास्पारचा घाम" म्हणतात आणि तिथे पाय देत नाहीत.

त्या दिवसापासून पाद्रीला बळ आलं असं सांगतात. त्याने मिस्सामध्ये उभं राहून सांगितलं, कोळखारच्या होडीत विकत घेतलेला माणूस बसणार नाही. होडीवाल्यांनी ते पाळलं. जहाजावरची माणसं काठावर आणायला, काठावरची जहाजावर न्यायला आमच्या होड्या लागायच्या. होडीवाल्यांनी वल्हीच टाकली. फिरंग्यांनी दोघांच्या होड्या जाळल्या, एकाला किल्ल्यात नेऊन डांबला. पण गाव हटलं नाही. खाल्ल्या मिठाला जागलं म्हणा हवं तर. ही गोष्ट गुलामांमध्ये कानोकानी गेली, की कोळखारच्या इगर्जीत शिरलं की सुटका आहे. माणसं पळून येऊ लागली. पाद्री त्यांना वेदीमागच्या खोलीत ठेवायचा, ओहोटीला टेकडीवर पाठवायचा, आणि टेकडीवरून गास्पार त्यांना तराफ्यावर घालून खाडीपलीकडे सोडायचा. पलीकडे दुसऱ्यांचं राज्य, तिथे फिरंग्यांचा हुकूम चालत नसे. किती सोडवले, मोजदाद नाही. ती माणसं त्याच्या पाया पडायची, हात डोळ्यांना लावायची आणि निघून जायची. पळणारा माणूस नाव विचारत नाही, सांगतही नाही. पुढच्या माणसासाठी गास्पार तराफा घेऊन परत यायचा, एकटाच.

पुढे लढाई झाली. मराठ्यांनी किल्ला घेतला, फिरंगी जहाजांत बसून गेले. दों आल्वारो गेला, त्याचा मुकादम गेला, वाडी ओस पडली. आणि त्याच गर्दीत पाद्री लुरेंसलाही नेलं. म्हातारा झाला होता, दोघांनी धरून होडीत बसवला. तो काठाकडे हात करून काहीतरी सांगत होता म्हणे, पण वारा उलटा होता. कोणाला ऐकू आलं नाही. वाटेतच तो वारला अशी बातमी नंतर आली.

आता तुम्ही म्हणाल, झालं, धनी गेला, भीती गेली, गास्पारला खाली बोलवायचं. मलाही लहानपणी तेच वाटायचं. आजीच्या अंगावर ओरडलो होतो मी, "मग बोलावला का नाही?" पण शपथ! शपथ धनी जाईपर्यंतची नव्हती, मरेपर्यंतची होती. ग्रंथावर हात ठेवून घेतलेली. ती मोडली तर आत्मा नरकात जाणार, ही आमच्या लोकांची पक्की समजूत. आणि ज्याने घातली त्यानेच सोडवायची, तर तो समुद्राच्या तळाशी. पुढे वर्षातून एकदा गोव्याकडून एक पाद्री यायचा, मुलांना बाप्तिस्मा द्यायला, लग्नं लावायला. गावाने त्याला विचारलं. त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "ग्रंथावरची शपथ म्हणजे मला वर विचारावं लागेल." पुढल्या वर्षी म्हणाला, "विचारलंय, उत्तर यायचंय." त्याच्या पुढल्या वर्षी दुसराच पाद्री आला आणि त्याला पहिल्यापासून सांगावं लागलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! वरून उत्तर काही आलं नाही.

आणि इकडे पळून येणारी माणसंही थांबली. ज्यांच्यासाठी तराफा होता ती आता येईनात. फिरंगी गेले, सगळे सुटले, आणि ज्याने सगळ्यांना सोडवलं तो तेव्हा पुरता एकटा पडला. दिलेल्या शब्दाला तोही बांधलेला होता. हे अंतर बघा. तुम्ही इथे बसलात, तो तिथे. हाकेच्या अंतरावर. इथे लग्नं व्हायची, वाजंत्री वाजायची, तो वरून ऐकायचा. इथे पोरं भांडायची, बाया हसायच्या. त्याला सगळ्यांची नावं पाठ असणार, रोज ऐकत होता ना. त्याला हाक मारणारं कोणी नव्हतं. वाऱ्याची दिशा फिरली की त्याचा आवाज खाली यायचा, म्हणे. एकटाच बोलायचा. कोणाला न कळणाऱ्या त्याच्या मुलखाच्या बोलीत. प्रश्न विचारल्यासारखं बोलायचा, थांबायचा, मग स्वतःच उत्तर द्यायचा. आमचे लोक तेव्हा दारं लावून घ्यायचे. दुष्ट होते म्हणून नाही हो. ऐकवत नव्हतं.

रुझाय म्हातारी झाली. तरी जेवण तीच ठेवायची. सणाला सांदण, नाताळात गोडाचं. ठेवून पाठ फिरवायची आणि तशीच थोडा वेळ उभी राहायची. तो उतरल्याचा आवाज आला की मग चालू लागायची. त्याच्याकडे बघायचं नाही असं काही शपथेत नव्हतं. पण बघितलं तर तोंडातून शब्द जाईल अशी तिला भीती होती.

मग तिच्या मुलाचं लग्न झालं आणि घरात सून आली. नातालीन तिचं नाव. डोंगराकडच्या गावची, समुद्र न पाहिलेली, आणि तोंडाची अशी फटकळ की बोलायला लागली की कोंबड्या गप्प व्हायच्या. सासूचे पाय सुजले म्हणून एका ओहोटीला ती जेवण घेऊन गेली. तिने शपथ घेतलेली नव्हती. टेकडीवर कोणीतरी राहतं, त्याच्याशी बोलायचं नाही, एवढंच तिला सांगितलं होतं. का, ते सांगायचं तर नाव घ्यावं लागलं असतं, म्हणून कोणी सांगितलंच नव्हतं.

तिने जेवण खडकावर ठेवलं आणि पाठ फिरवण्याऐवजी तिथेच फतकल मारून बसली. वरून तो उतरला. केस पांढरे झालेले, कमरेत वाकलेला. तिला बघून थबकला. ती म्हणाली, "या बाबा, निवतंय. आणि नाव काय तुमचं?"

तो उभाच राहिला. त्याचे ओठ हलले, आवाज फुटेना. तिने विचारलेलं त्याला कळलं नसेल असं वाटून ती पुन्हा मोठ्याने म्हणाली, "नाव! नाव! आईने ठेवलेलं नाव काय?"

आता बघा, तिला काही ठाऊक नव्हतं. "आईने ठेवलेलं" हे ती आपलं बोलायची पद्धत म्हणून बोलली. पण त्याला कोळखारमध्येच काय, समुद्र ओलांडल्यापासून हे कोणीच विचारलं नव्हतं. धन्याने नाव ठेवलं, पाद्रीने पाणी घातलं, गावाने ते पुरलं. त्याआधी त्याचं काही नाव असेल हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तो खडकाला धरून खाली बसला. मग म्हणाला, "मुवालो."

खरा उच्चार देव जाणे. आमच्या तोंडात मुवालो बसलं.

नातालीन घरी आली आणि चुलीपाशी बसता बसता सांगू लागली, की मुवालोबाबा दोन भाकऱ्या खातात, एक पुरत नाही, उद्यापासून दोन द्यायच्या. रुझायच्या हातातलं सूप पडलं. "बोललीस तू? त्याच्याशी?"

"बोलले. मुकं माणूस आहे का ते? मुवालो म्हणाले नाव."

"पोरी, आमची शपथ आहे! त्याचं नाव मुवालो नाही."

"मग काय आहे?"

रुझायने तोंडावर हात धरला. तेच तर सांगता येत नव्हतं. नातालीनने तिच्याकडे बघितलं, आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं असावं. ती म्हणाली, "आये, तुम्ही कोणाची शपथ घेतली ती तुमची तुम्हाला माहीत. मुवालोची घेतली होती का?"

असं सांगतात, की रुझायने तोंडावरचा हात काढला. मग म्हणाली, "त्याला दुसरं नाव होतं?" आणि थोड्या वेळाने, "एवढी वर्षं ते नाव होतं?" आणि मग तिने जो हंबरडा फोडला तो ऐकून शेजारीपाजारी धावत आले. मिठाच्या मयतीला रडली होती त्याहून जास्त रडली. कारण गास्पार मेला होता, तो मेलेलाच राहू दे, त्याची शपथ पाळा मरेपर्यंत. मुवालोला हाक मारायला कोणी कधी मना केलं नव्हतं. पाद्रीची गरज नव्हती, वरच्या उत्तराची गरज नव्हती. एकाने, फक्त एकाने कधीतरी विचारायला हवं होतं.

तिने ओहोटीची वाट पाहिली नाही. भरती चढत होती, उन्हं कलली होती. सुजल्या पायांनी ती या काठावर आली, हेच ते ठिकाण, आणि तिने हाक मारली, "मुवालोऽऽ!"

वर काही हललं नाही. तिने पुन्हा मारली. मग बाकीचे एकेक येत गेले. ज्यांनी ग्रंथावर हात ठेवले होते ते म्हातारे, आणि ज्यांनी नव्हते ठेवले ते तरुण. सगळं गाव काठावर उभं राहून एका माणसाला हाका मारत होतं. तो ताडांमधून बाहेर आला. आधी त्याला वाटलं असणार, नेहमीसारखा आपणच बोलतोय. मग तो धावत सुटला. धावायचं वय नव्हतं, पडत-धडपडत खाली आला, पाण्यात शिरला, छातीपर्यंत शिरला आणि थांबला. आणि त्याने ओ दिली.

मी उभं आयुष्य ट्रम्पेट वाजवला. ती ओ कशी असेल ते मी किती वेळा मनात वाजवून पाहिलं. नाही जमत.

तो गावात राहायला आला का? नाही आला. लोकांनी पाय धरले, घर बांधून देतो म्हणाले. तो यायचा, ओट्यावर बसायचा, पोरांना मांडीवर घ्यायचा. पण दाटी झाली की त्याचा जीव घुसमटायचा. चार माणसं एकदम बोलू लागली की कानांवर हात ठेवायचा. पाणी चढायच्या आधी उठून परत जायचा. एवढी वर्षं एकटं ठेवलेलं माणूस एका हाकेने माणसांत येत नाही हो. ते आमच्या पूर्वजांना दुरुस्त करता आलं नाही आणि ते आम्ही लपवतही नाही. मग गावाने एक केलं. रोज संध्याकाळी कोणीतरी काठावर यायचं आणि हाक मारायचं. तो वरून ओ द्यायचा. बस, एवढंच. बोलायचं काही नसलं तरी. रुझाय गेली, तिच्यानंतर नातालीन मारायची. आणि एका संध्याकाळी ओ आली नाही. नातालीनने पाण्याची पर्वा केली नाही, नवऱ्याला होडी काढायला लावली. त्याला तिथेच टेकडीवर पुरला. पाद्री नव्हता, तिच्या नवऱ्यानेच प्रार्थना म्हटली. वर खुरीस, म्हणजे क्रूस, आहे बघा, लाकडाचा, दर काही वर्षांनी बदलतो आम्ही. त्यावर एकच नाव आहे.

आजही कोळखारचा माणूस टेकडीवर गेला की या काठावर त्याच्यासाठी कोणीतरी बसतं. लाकडं आणायला जाऊ दे, ताडी काढायला जाऊ दे, की रुसून जाऊ दे. जाणारा आपलं नाव सांगून जातो, बसलेला मधूनमधून त्या नावाने हाक मारतो, आणि वरून ओ आल्याशिवाय हाक सोडत नाही. परक्या माणसालाही तोच नियम. वर माणूस एकटा असतो आणि त्याला ते कळत नाही, खाली बसलेल्याला कळतं.

हं, दगड दिसायला लागले बघा. चपला हातात घ्या, शेवाळ आहे. आणि नाव सांगा. आडनाव नको, साहेब-बिहेब नको. घरी आई ज्या नावाने हाक मारते ते सांगा. मी हाक मारीन, तेव्हा ओ द्या.